गिरिधरकाकांचा गुडघा

वेस्ट मांबलम, चेन्नई
२८ एप्रिल २०२५

प्रिय शुलामितआत्या,

प्रभूमध्ये सलाम. हे फोनवर बोलता आलं नसतं. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं पटत नाही. शिवाय मनाला खाणारी गोष्ट कागदावर मांडायची, ही सवय तूच लावलीस.

गोष्ट अशी की मला कृपादान नाही.

आमची इथली मराठी मंडळी म्हणजे वीस-पंचवीस माणसं. तमिळ चर्चच्या मागचा हॉल आम्हाला रविवारी दुपारी मिळतो, त्यांची जेवणं आटोपल्यावर, त्यामुळे आमची उपासना नेहमी सांबाराच्या वासात होते. काल पाळकसाहेबांनी, म्हणजे रेव्हरंड पुरुषोत्तम आढावांनी, सांगितलं की पवित्र आत्मा प्रत्येक विश्वासणाऱ्याला काही ना काही देतोच, रिकामा कोणी नसतो. तेव्हा पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी प्रत्येकाने उभं राहून आपलं कृपादान सांगायचं आणि त्याप्रमाणे मंडळीत काम घ्यायचं. सगळे खूश झाले. मला घाम फुटला.

नाही म्हणावं तर शास्त्र खोटं पडतं. आहे म्हणावं तर मी खोटी पडते, आणि तीही पवित्र आत्म्यासमोर. हनन्या आणि सप्पीरा खोटं बोलून जागच्या जागी कसे मेले, हे तू मला शाळेत घालायच्या आधी स्वयंपाकघराच्या टेबलाशी शिकवलंस. अजून तो अध्याय वाचला गेला की मी खुर्ची धरून बसते.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. पाहुणचार करून पाहिला. चौघांना पोह्यांना बोलावलं आणि कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाला कांदा, कोणाला मिरची, हे नीट विचारून घेईपर्यंत पोहे गार होऊन दगड झाले. उत्तेजन देणं करून पाहिलं. ऑफिसातली हरिप्रिया नोकरी सोडावी की नाही म्हणत होती, तिला मी दोन्ही बाजू इतक्या प्रामाणिकपणे समजावल्या की ती रडायला लागली. अन्य भाषा बोलण्याच्या दानाचं तर विचारूच नकोस. दोन वर्षं झाली, अजून भाजीवाल्याशी तमिळमधून धड बोलता येत नाही.

रणवीरचं बरं आहे. गिटार वाजवतो, तो. त्याला संदेश देण्याचं दान आहे. परवा डोळे मिटून म्हणाला, "प्रभू मला दाखवतो आहे, इथे कोणाच्या तरी घरी पाण्याचा प्रश्न आहे." मे महिना तोंडावर, चेन्नई शहर. अख्ख्या हॉलने आमेन म्हटलं.

आबा मोठे प्रचारक, आजाऱ्यांना तेल लावून त्यांच्यावर हात ठेवायचे. त्यांनी माझ्यात, त्यांच्या नातीत, कधी काही पाहिलं होतं का? खरं सांग, वाईट वाटून घेणार नाही.

तुझं पार्सल मिळालं. चिवड्याच्या खाली आबांची तेलाची बाटली पाहून डोळे भरून आले. तीच चौकोनी, हिरव्या काचेची. कपाटात जपून ठेवली आहे.

तुझी,
विद्युलता


मिरज
४ मे

चि. विद्युलतास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी हसण्यात अर्धं गेलं.

आबांनी तुझ्यात काय पाहिलं ते सांगते. तू चार वर्षांची असताना त्यांच्या प्रार्थनेच्या मध्येच म्हणालीस, "आबा, तुम्ही शेजारच्या काकूंना विसरलात." पुढची दोन वर्षं ते काकूंना विसरले नाहीत. याला कृपादानांच्या यादीत प्रेषित पौल काय म्हणतो मला ठाऊक नाही.

आणि आबांच्या हाताला जे होतं ते तुझ्या हाताला नाही, हे तुला कोणी सांगितलं? हात वापरल्याशिवाय कसं कळणार? घरी बसून स्वतःची नाडी तपासत राहिलीस तर ताप नसताना ताप भरेल. मी जन्मभर नर्स होते, असे पुष्कळ पेशंट पाहिले.

बाटली कपाटात ठेवायला पाठवलेली नाही. वापर. लावताना हात आखडू नकोस, संपली की कळव, आणखी पाठवते. गुण येतो हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

चिवडा कसा झाला ते लिहिलं नाहीस.

आत्या


चेन्नई
१२ मे

प्रिय आत्या,

सलाम. चिवडा छान होता. आता पुढचं ऐक.

तुझं पत्र शनिवारी आलं. तू आबांची बाटली माझ्या हाती का दिलीस हे मला तेव्हा उमगलं. रात्रभर प्रार्थना केली आणि रविवारी बाटली पिशवीत घालून नेली. कोणाला सांगितलं नाही. वाटलं, देवाला हवं असेल तर तोच प्रसंग आणेल.

त्याने गिरिधरकाका आणले. गिरिधर उजागरे, रेल्वेतून निवृत्त, मूळचे जालन्याचे, इथे आमच्या मागच्या गल्लीत एकटेच राहतात. उजवा गुडघा कित्येक वर्षं धरलेला. हॉलच्या पायऱ्या उतरताना ते दर रविवारी "अगं आई गं" म्हणतात आणि आम्ही सगळे वाट करून देतो. काल ते मधल्याच पायरीवर बसले. पाळकसाहेब कोइमतूरला गेलेले. मी पुढे झाले.

मी विचारलं, "काका, तुमचा विश्वास आहे ना?"

"आहे."

"पूर्ण आहे? थोडा जरी संशय असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मग..."

"पोरी, लवकर लाव, रिक्षा थांबली आहे."

मी तेल लावलं. तू म्हणालीस तसं, हात आखडला नाही. डोळे मिटून आबांच्याच शब्दांत प्रार्थना केली. आत्या, काय सांगू. काका म्हणाले, "ऊब येते आहे." मग म्हणाले, "आग येते आहे." पायऱ्यांवर एक सुगंध पसरला, असा की सांबाराचा वाससुद्धा मागे पडला. कोणीतरी रडत स्तोत्र धरलं. आणि काका उठले आणि आई न म्हणता खाली उतरले. रिक्षावाल्याने टाळ्या वाजवल्या. रणवीर म्हणाला, हे त्याला आधीच दाखवण्यात आलं होतं.

आज सकाळी आमच्या घरमालकीण त्रिपुरसुंदरीमामी दारात हजर. त्या तंजावरकडच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या, पण घरात मराठीच बोलतात, त्यांची जुनी, तमिळच्या चालीवरची, आणि मला लाडाने कण्णु म्हणतात. कोपर पुढे करून म्हणाल्या, "ते तेल मजही लाव, कण्णु. देव कोणचा तें मी मागून पाहून घेतें." लावलं. त्यांचंही कोपर बरं वाटतं आहे.

मला अभिमान चढू नये म्हणून मी दर तासाला स्वतःला तपासते आहे. तासाला पुरे ना? बाटली निम्मी झाली. माझ्यासारखीला असं दान मिळू शकतं का, आत्या?

तुझी,
विद्युलता


मिरज
१७ मे

विद्युलता,

आधी खाली बस. मग वाच.

त्या बाटलीत आबांचं अभिषेकाचं तेल नाही. ते त्यांच्याबरोबरच संपलं. बाटली नुसती फडताळात पडून होती, झाकण घट्ट बसतं, म्हणून मी तिच्यात माझं सांधेदुखीचं तेल भरून पाठवलं. गंधपुऱ्याचं तेल, कापूर, निलगिरी, सगळं तिळाच्या तेलात. दवाखान्यात आम्ही वर्षानुवर्षं तेच वापरायचो. तुझी मान दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकलेली असते, म्हणून तुझ्या मानेसाठी होतं. चिठ्ठी लिहायची राहिली. पार्सल बांधताना दूध उतू गेलं.

ऊब आली ती कापराची. आग झाली ती तू हात आखडला नाहीस त्याची. सुगंध कशाचा ते सांगायला नको. मामींना सांग, तो हात डोळ्यांना लावू नका.

मी हसले, हे कबूल करते. शेजारच्या लोंढेबाई भिंतीवर थाप मारून विचारत होत्या, काय झालं. पण तू मन कडू करून घेऊ नकोस. म्हाताऱ्याचा गुडघा हलका झाला, कोणाचं काही बिघडलं नाही. सांगायचं तर सावकाश सांग.

आत्या


चेन्नई
२० मे

प्रिय आत्या,

सलाम. तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे, कारण मला नर्स म्हणून तुझी गरज आहे.

गिरिधरकाकांनी गोळ्या सोडल्या. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या, दोन्ही. रविवारी उभं राहून साक्ष दिली. म्हणाले, "ज्याने गुडघा बरा केला त्याला रक्त अवघड आहे का?" आणि गोळ्यांचा रिकामा डबा उलटा करून दाखवला. लोकांनी हालेलुया म्हटलं. पाळकसाहेबांचा चेहरा पडला होता, पण एवढ्या हालेलुयांत त्यांचा आवाज पोचला नाही. नंतर त्यांनी काकांना बाजूला घेऊन समजावलं, तर काकांनी त्यांना विचारलं, "पाळकसाहेब, तुमचा विश्वास आहे ना? पूर्ण आहे?" हे ते माझ्याकडूनच शिकले.

काल संध्याकाळी ते मला स्टेशनच्या बाजारात दिसले. कैऱ्यांच्या हातगाडीला धरून उभे होते. म्हणाले, ऊन लागलं. तेव्हा ऊन उरलंच नव्हतं, आत्या.

आता मी काय करू? गोळ्या घ्या म्हटलं तर मी देवाच्या कामावर अविश्वास दाखवते का? नाही म्हटलं आणि त्यांना काही झालं तर? गोळ्या अशा अचानक सोडल्या तर नक्की काय होतं? सगळं लिही, मी घाबरणार नाही. घाबरेन, पण लिही.

तुझी,
विद्युलता

ता. क. पाकीट बंद करतानाच पोस्टमन आला. तुझं १७ तारखेचं पत्र वाचलं. मी बसलेलीच होते, तरी आणखी खाली बसावंसं वाटलं.


मिरज
२३ मे

विद्युलता,

लोंढेबाईंच्या मुलाला स्पीड पोस्टला पाठवते आहे.

गोळ्या आधी. लाज, पाप, कृपादान, सगळं नंतर. रक्तदाबाची गोळी अशी सोडली तर माणूस एका सकाळी तोंड वाकडं होऊन पडतो, आणि एकटा राहत असेल तर संध्याकाळपर्यंत पडून राहतो. अशी माणसं मी उचललेली आहेत. गुडघ्याचं तेल आणि रक्ताच्या गोळ्या यांचा एकमेकांशी संबंध नाही. मी "कोणाचं काही बिघडलं नाही" लिहिलं होतं. ते खोडून टाक.

आबांचं म्हणशील तर ते आजाऱ्याला तेल लावायचे, प्रार्थना करायचे आणि मग त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आमच्या दवाखान्यात आणायचे. वाटेत पुन्हा प्रार्थना करायचे, बहुतेक सायकलसाठी. त्यांना यात अविश्वास दिसला नाही. तू आबांपेक्षा जास्त धार्मिक होऊ नकोस.

त्या गिरिधरला खरं सांग. सगळ्यांसमोर सांग, कारण झालं ते सगळ्यांसमोर झालं. तो ऐकणार नाही. माणसाला चमत्कार सोडवत नाही. तरी सांग, आणि मग त्याच्या घरी जा.

आत्या


चेन्नई
२ जून

प्रिय आत्या,

सलाम. सांगितलं. २५ तारखेच्या रविवारी, उपासनेनंतर. तेलात काय काय आहे तेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "हे आजार बरे करण्याचं दान नाही, माझ्या आत्याचं औषध आहे."

मग मागच्या बाकावरची बाई डोळे पुसत म्हणाली, "किती नम्र पोरगी आहे." रणवीर म्हणाला, "ताई, देव कापूरही वापरू शकतो." दोघांनी बाटली कुठे मिळेल विचारलं. आणि गिरिधरकाका उभे राहून म्हणाले, "बघा. खऱ्याची हीच खूण. खोटी असती तर कबूल केलं असतं का?" आत्या, मी इतकं खरं कधी बोलले नव्हते आणि माझ्यावर इतका अविश्वास कधी कोणी दाखवला नव्हता.

घरी आले तर मामी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "सरि, सरि. वास आला तेव्हांच मज कळलें. तूं इतकें डोळे मिटून उभी होतीस, मज बोलवेना."

मग तू म्हणालीस तसं दुसऱ्या दिवशी सकाळी, कंपनीची बस यायच्या आधी, काकांच्या घरी गेले. दार उघडं. आत त्यांच्या बायकोचा फोटो आणि कोपऱ्यात तो उलटा डबा. मी रागावून बोलायचं ठरवून गेले होते. गोळ्या सोडल्यावर काय होतं ते तुझ्याच शब्दांत, तोंड वाकडं होण्यासकट, सांगितलं. मधेच त्यांनी हात वर केला.

"मला माहीत आहे. मी काय अडाणी आहे का? रेल्वेत नोकरी केली आहे."

"मग?"

त्यांनी बाहीने फोटोची काच पुसली. मग म्हणाले, "ती असताना चहाच्या बशीत गोळ्या ठेवून द्यायची. मी कुरकुर करायचो. ती गेल्यावर कधी घ्यायचो, कधी विसरायचो. कोणी विचारलं नाही. आता गुडघ्याची बातमी झाली तर रविवारी दहा माणसं खांद्यावर हात ठेवून विचारतात, काका कसे आहात. मी बरा झालेला माणूस आहे. गोळ्या घेतल्या की परत साधा म्हातारा. साध्या म्हाताऱ्याला कोण विचारतं, पोरी?"

मी तोंडाने उत्तर द्यायला गेले असते तर दोन्ही बाजू समजावत बसले असते. म्हणून चहा ठेवला. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, पुन्हा कशा सुरू करायच्या ते विचारून घेतलं आणि घरात उरलेल्या पाकिटांतल्या गोळ्या बशीत ठेवल्या. त्यांनी बशी फिरवून फिरवून पाहिली.

"उद्या येणार आहेस?"

"येणार."

"तेव्हा घेईन."

"आत्ता घ्या. उद्या येणारच आहे."

घेतल्या. मी जीभ बाहेर काढून दाखवायला लावली. ते म्हणाले, "तुझी आत्या जेलर होती का?"

तेव्हापासून रोज जाते. पण पुढच्या मंगळवारपासून माझी कंपनीतली पाळी बदलते, बस पहाटेच येणार, आणि मग मला जमणार नाही. काकांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी पेंटेकॉस्ट आहे. मी उभी राहून काय म्हणू?

तुझी,
विद्युलता


मिरज
५ जून

विद्युलता,

जे खरं असेल तेवढंच म्हण. लांबवू नकोस. दोन्ही बाजू सांगू नकोस.

जेलर नव्हते, मेट्रन होते. त्याला सांग, फरक मोठा नसतो.

आत्या


चेन्नई
१० जून

प्रिय आत्या,

सलाम. तुझं पत्र शनिवारी पोचलं. घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि रविवारी घेऊन गेले.

हॉल भरलेला होता. एकेक जण उठत होता. शिक्षण, गायन, दानधर्म, सेवा. एका आजोबांनी विश्वास म्हटलं आणि लगेच खाली बसले. रणवीरने संदेश देणं म्हटलं आणि सांगितलं की इथे कोणीतरी मोठ्या निर्णयाच्या उंबरठ्यावर आहे. माझं नाव आल्यावर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की आता मी कोणालातरी उठवून चालायला लावणार.

मी म्हटलं, "माझं कृपादान काय आहे मला माहीत नाही. माझ्याकडे एक काम आहे. गिरिधरकाका सकाळी रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या घेतात, आणि कोणी समोर बसलं तरच घेतात. मंगळवारपासून मला सकाळी जाता येणार नाही. कोणाला जमेल?"

आत्या, मी काकांकडे पाहिलं नाही, पण त्यांचा आवाज आला. "मी काय मंडळीचा नळ आहे का, पाळ्या लावायला?"

कोणी हसलं. मग सगळे आपापल्या बायबलची पानं चाळायला लागले. मला वाटलं, संपलं, यांना चमत्कार पाहिजे होता आणि मी बशी दाखवली. तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "गुरुवार माझा." मागच्या बाकावरची बाई म्हणाली, ती शुक्रवारी दूध आणायला त्याच गल्लीत जाते. विश्वासवाल्या आजोबांनी बुधवार मागितला, त्यांच्याही गोळ्या असतात, बरोबर घेतील म्हणे. शनिवारी आणि सोमवारी दोघी-दोघी निघाल्या. मंगळवारला कोणी नव्हतं. सगळ्यांनी रणवीरकडे पाहिलं. तो म्हणाला, तो इतक्या लवकर उठत नाही. काका मोठ्याने म्हणाले, "का? हे तुला आधी दाखवलं नव्हतं?"

मंगळवार रणवीरच्या गळ्यात पडला. रविवार राहिला, तो मी घेतला.

बाहेर पडताना काका माझ्याशी बोलले नाहीत. पायऱ्या उतरताना "अगं आई गं" म्हणाले, बहुतेक मला ऐकू जावं म्हणून. काल शेवटच्या दिवशी गेले तेव्हाही गप्पच होते. गोळ्या घेतल्या, जीभ न सांगता दाखवली. रात्रभर मला वाटत होतं की मी एका माणसाचं दुखणं चव्हाट्यावर मांडलं. मग कळलं की कंपनीतला पाळीबदल पुढच्या आठवड्यावर गेला आहे आणि आज बस नेहमीच्याच वेळेला आहे. म्हणजे मी जाऊ शकले असते. उठलेसुद्धा. चप्पल घातली. मग वाटलं, मी गेले तर रणवीर पुढच्या मंगळवारीही उठणार नाही. चप्पल काढली. पुन्हा घातली.

तेवढ्यात काकांचा फोन.

"तुझा संदेष्टा आला आहे. केस विंचरलेले नाहीत. गोळी घेतली, सांगून ठेवतो."

मी म्हटलं, "बरं झालं, काका."

"बरं कसलं? पोटात काही न घालता आलाय पोरगा. हे काय वय आहे उपाशी हिंडायचं? कोपऱ्यावरून इडल्या आणल्या. त्याने सहा खाल्ल्या." पलीकडून भांडी वाजत होती आणि रणवीर चटणी कुठे आहे विचारत होता. "बुधवारच्या म्हाताऱ्याला इडली चालते का? का साखरेमुळे उपमा करू? आणि पाळकाला विचार, गुरुवारी किती जण येणार. सामान आणायला हवं. हे सगळं आधी सांगायचं असतं."

मी म्हटलं, विचारून सांगते.

"आणि रविवारी तू रिकाम्या पोटी ये," म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मी आडवी झाले, पाच मिनिटांसाठी. उठले तेव्हा मामी दार वाजवत होत्या आणि बस कधीच गेली होती. मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं नाही म्हणून वाईट वाटतं का, तेही तपासलं. नाही वाटलं.

तुझी,
विद्युलता